माती चांगली आहे

"आज भाजी न्हाई. माती आनलीया."

तुळसाक्कानं टोपली दारात उतरवली, तिच्यातून फडक्यात बांधलेलं एक गाठोडं काढलं आणि माझ्या उंबऱ्यावर ठेवलं. रविवारची सकाळ होती. मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी बाहेर आलो.

"मातीचं मी काय करू?"

"तुमी दगडातलं सोनं मोजून देता म्हनं. मग हिच्यात काय हाय त्ये बगा. सोनं नको मला. इख हाय का, तेवढं सांगा."

ही एकोणीसशे शहाऐंशीची गोष्ट. उत्तर कर्नाटकात होन्नगट्टी नावाचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर सोन्याची खाण. खाणीच्या प्रयोगशाळेत मी परीक्षक होतो. वर येणाऱ्या दगडात किती सोनं आहे ते सांगायचं, एवढंच माझं काम. आडनाव पोतदार, गाव मिरज, वय एकोणतीस, लग्न व्हायचं होतं. कंपनीच्या कॉलनीत एक खोली मिळाली होती. तिथं सगळे कन्नड, तमिळ, तेलुगू बोलायचे. मराठी बोलणारे आम्ही तिघंच. मी, आमचे मुख्य रसायनतज्ज्ञ देवस्थळे साहेब, आणि दर दोन दिवसांनी भाजी घेऊन येणारी तुळसाक्का माने. तिचे पूर्वज कधीकाळी सातारा भागातून तिकडे गेलेले. घरात अजून मराठी होती, पण चाल कानडी.

पन्नाशीची बाई. उंच, काटक, तोंडाची फार तिखट. कॉलनीतल्या बायका तिच्याशी भाव करायला घाबरत. एकदा डॉक्टरच्या बायकोनं मेथीची जुडी परत केली, तर हिनं तीच जुडी तिच्या पायरीवर आपटून म्हटलं होतं, "तुज्या नवऱ्याच्या गोळ्यांपरास ताजी हाय." माझ्याशी ती बरी वागायची असं नाही. पण बोलायची.

"म्हैस मेली माजी, दिवाळीत," ती उंबऱ्यावर टेकत म्हणाली. "तुमच्या खानीचा बांध फुटला, करडा चिखल वढ्यातनं माज्या रानात आला. आमी मानसं लावून खरडून काडला. आता त्याच रानात अंबाडी अशी आलीया, अशी आलीया की बगतच ऱ्हावं. मला त्ये पटंना. पंधरा दीस झालं, घरात शिजवली न्हाई आन इकली बी न्हाई."

"मग खाणीच्या कार्यालयात अर्ज करा."

"केला. शिपायानं हाकलली." ती उठली. "तुमी आमच्या बोलीचं म्हनून आले. न्हाई जमत तर तसं सांगा."

मी गाठोडं घेतलं. खरं सांगायचं तर ती जावी म्हणून घेतलं.

दुपारी प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. आमच्या खाणीत ज्या दगडात सोनं होतं, त्यातच सोमल, म्हणजे आर्सेनिक, होता. सोमल जास्त असला की सोनं नीट सुटत नाही, म्हणून आम्ही तो रोजच मोजायचो. पद्धत जुनी आणि सोपी. मातीत आम्ल घालायचं, जस्ताचे दाणे टाकायचे, जो वायू निघेल तो एका कागदाच्या पट्टीवरून जाऊ द्यायचा. सोमल असेल तर पांढरी पट्टी पिवळी होते. जास्त असेल तर तपकिरी.

तुळसाक्काच्या मातीची पट्टी बघता बघता तपकिरी झाली.

मला वाटलं बाटली खराब असेल. नवी घेतली. पुन्हा तपकिरी. मग कॉलनीतल्या मारुतीच्या देवळामागची माती आणून तीच परीक्षा केली, तर पट्टीला जेमतेम पिवळट झाक आली. माती पातळ करून, रंग जुळवून नीट आकडा काढला. दहा लाख भागांत चारशे दहा. देवळामागच्या मातीत आठ.

सोमवारी सकाळी मी आकड्यांचा कागद देवस्थळे साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, चष्मा काढला, आणि विचारलं, "हा नमुना कुणी दिला?"

"भाजीवाल्या तुळसाक्कानं. ओढ्याखालच्या रानातला आहे."

"नोंदवहीत चढवलात?"

"नाही अजून."

"चढवू नका." त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "पोतदार, ही प्रयोगशाळा कशासाठी आहे?"

"सोनं मोजायला."

"मग सोनं मोजा."

"साहेब, तिथं सहा-सात घरांची रानं आहेत. ओढ्याचं पाणी गुरं पितात. निदान त्यांना एवढं तरी सांगू, की..."

"काय सांगू? की तुमच्या रानात सोमल आहे? उद्या ते दारात बसतील. परवा सरकार येईल. खाणीचा परवाना या वर्षी नवा व्हायचाय. नऊशे माणसांच्या चुली या खाणीवर आहेत, त्या तुम्ही पेटवणार?" त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुम्हाला कायम करायचा कागदही माझ्याच टेबलावर आहे. मी तो अडवीन असं म्हणत नाही. पण तुम्हाला कळतं."

मला कळलं. मी त्यांना पुढे एक प्रश्नही विचारला नाही. ते लिहून ठेवलं पाहिजे, कारण नंतर मी स्वतःला खूप वेळा सांगून पाहिलं की मी वाद घातला होता.

शिमग्याच्या आदल्या दिवशी तुळसाक्का आली. टोपली रिकामी होती.

"बगितलं?"

"बघितलं."

"मग?"

"माती चांगली आहे," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. तिला फसवणं सोपं नव्हतं, पण माझ्या मागे प्रयोगशाळा होती, शिक्षण होतं, आणि मी तिच्या बोलीत बोलत होतो.

"म्हैस मग कशानं मेली?"

"गुरांना शंभर रोग होतात, अक्का."

"घरात शिजवू?"

"शिजवा."

"इकू?"

"विका."

तिनं कपाळावरचा घाम पुसला. "बरं झालं. जिवाला घोर लागला हुता," असं म्हणाली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. दुसऱ्या दिवशी सणाला म्हणून माझ्या दारात अंबाडीच्या दोन जुड्या ठेवून गेली. मी त्या कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात तळाशी घातल्या.

त्यानंतर मी तिच्याकडून भाजी घेणं बंद केलं. "मी आता मेसमध्ये जेवतो," म्हणून सांगितलं. देवस्थळे साहेबांच्या घरी भाजी धारवाडहून येऊ लागली, कंपनीच्या गाडीतून. बाकीची कॉलनी मात्र खात होती. संध्याकाळी मी फिरायला निघालो की कुठल्यातरी खिडकीतून लसणाच्या फोडणीत पडलेल्या अंबाडीचा आंबूस वास यायचा आणि मी पावलं उचलायचो. माझ्या शेजारच्या नायडूची तीन पोरं होती. एकदा नायडूबाई म्हणाली, "मेसचं खाऊन वाळलात. आज आमच्याकडे जेवा, ताजी भाजी आहे." मी पोट बिघडलंय म्हणालो. त्यांना काही सांगितलं नाही.

तुळसाक्काला माझा संशय आला असावा. एप्रिलमध्ये तिनं मला मेसच्या दारात गाठलं.

"मेसमदी काय असतंय आज?"

"वांगं."

"वांगं चालतंय. आन माजी भाजी चालत न्हाई."

"तसं नाही, अक्का. एकट्यासाठी कोण चूल पेटवणार?"

"दोन वरसं पेटवत हुता की."

ती उत्तराची वाट न बघता निघून गेली.

मे महिन्यात ओढ्यावर पाणी पिणारी चार गुरं एकाच आठवड्यात मेली. उन्हाळ्यात ओढा आटतो, आणि उरतं ते खाणीच्या गाळाच्या तळ्यातून झिरपणारं. गावानं रस्त्यावर बैलगाड्या आडव्या लावून खाणीचे ट्रक अडवले. तीन दिवस एकही ट्रक हलला नाही. चौथ्या दिवशी तहसीलदारांनी शाळेच्या ओसरीत सभा बोलावली आणि कंपनीला सांगितलं, पाणी आणि माती तपासून अहवाल घेऊन या.

अहवाल देवस्थळे साहेबांनी टाइप करून घेतला. सहा नमुने, सगळे सुरक्षित. त्यातला एकही नमुना कुणी आणलेला नव्हता. खाली सहीसाठी माझं नाव होतं.

"तुम्हीच वाचायचा," साहेब म्हणाले. "तुम्ही तुळसाक्काच्या ओळखीचे आहात. ती गप्प बसली की गाव गप्प बसेल."

मी सही केली. कायम झाल्याचा कागद मला त्याआधी आठ दिवसच मिळाला होता.

सभा सकाळी दहाला होती. ओसरीवर खुर्च्या मांडल्या होत्या. मध्ये तहसीलदार, एका बाजूला कंपनीचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला साहेब आणि मी. पुढच्या मैदानात तीन-चारशे माणसं उन्हात उभी. कुणी बसलं नव्हतं. आम्ही जीपमधून उतरलो तेव्हा कुणी वाट दिली नाही, खांदे घासत यावं लागलं. मी अहवाल कन्नडमध्ये वाचला. मिनिटभराचं काम. वाचून खाली बसलो.

बायकांच्या घोळक्यातून तुळसाक्का पुढं आली.

"वाचून झालं?"

"झालं," मी म्हणालो.

"समदं चांगलं हाय?"

"आहे."

"मग जेवून जावा." ती मागं वळली. "शालन, आन गं."

तिची सून पुढं आली. हातात झाकलेलं ताट. शालनला मी आधी एकदोनदा लांबून पाहिलं होतं. त्या दिवशी जवळून पाहिलं. तिला दिवस गेले होते. सहावा-सातवा महिना असावा. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

तहसीलदार वैतागले. "अहो बाई, आम्ही सरकारी कामाला आलोय, जेवायला नाही."

"तुम्हाला कोण म्हणतंय?" तुळसाक्का कन्नडमध्ये म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "हा आमच्या बोलीचा माणूस आहे. दोन वर्षं माझी भाजी खाल्लीय यानं. आज माझ्या गावात आलाय, उपाशी कसा पाठवू?"

तिनं ताट माझ्या मांडीवर ठेवलं आणि झाकण काढलं. ज्वारीच्या दोन भाकरी, गरम. अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. फोडलेला कांदा, लाल चटणी. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तोंडाला पाणी सुटलं, हे मला अजून आठवतं आणि अजून त्याची लाज वाटते.

साहेब ओठ न हलवता म्हणाले, "खा. एक घास. संपवा हे."

मला हिशेब माहीत होता. एका घासानं काही होत नाही. पूर्ण ताट संपवलं असतं तरी काही झालं नसतं. सोमल असा एका जेवणात मारत नाही, तो रोजच्या जेवणानं साठत जातो. मी खायचं ठरवलं होतं. भाकरीचा तुकडा मोडला. भाजी घेतली. हात उचलला.

हात छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला.

समोर शालन पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, मी मागेन म्हणून. तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं, जेवणाऱ्याला भाजी आवडतेय का हे वाढणारी बाई बघते तसं. मी घास वर न्यायचा प्रयत्न केला. खरंच केला. बोटांतून तेल मनगटावर ओघळलं.

"आज माझा उपवास आहे," मी म्हणालो. हातात मोडलेली भाकरी होती.

मैदानात कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

तुळसाक्का माझ्यासमोर उकिडवी बसली. तिचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या पातळीवर आला. तिनं हळू आवाजात विचारलं, पण शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं असेल.

"कवापास्नं? शिमग्यापास्नं?"

मी घास ताटात ठेवला.

तिनं ताट उचललं. घाई केली नाही. ओसरीच्या कडेला गेली, भाजी, भाकरी, कांदा सगळं मातीत पालथं केलं आणि पायानं वर माती ओढली. तोवर शालन मटकन खाली बसली होती. तांब्या कलंडून पाणी माझ्या चपलांपर्यंत आलं. तिनं दोन्ही हात पोटाशी धरले होते आणि ती सासूकडे बघत होती.

पहिला दगड जीपच्या काचेवर बसला. दुसरा ओसरीच्या खांबावर. डॉक्टर पळाले. देवस्थळे साहेब जीपपर्यंत कसे पोचले ते मी पाहिलं नाही, पण ते मला न घेता गेले. तहसीलदार तेवढे जागचे हलले नाहीत. दोन पोलिसांच्या आड उभे राहून त्यांनी मला विचारलं, "पोतदार, खरा आकडा किती आहे?"

"चारशे दहा."

"किती असायला हवा?"

"दहाच्या आसपास."

"लिहून द्याल?"

"देतो."

शाळेच्याच कागदावर लिहून दिलं. हात भाजीच्या तेलानं माखलेला होता, कागदाला डाग पडला. ते शौर्य नव्हतं. तोपर्यंत लपवायला काही उरलंच नव्हतं.

चार दिवसांत मला काढून टाकलं. खोली सोडायला आणखी दोन दिवस दिले. त्या दोन दिवसांत नायडूबाईनं माझ्या दारावर शेणाचा पो मारला आणि तिच्या तिन्ही पोरांची नावं घेऊन मला शाप दिले. नायडू वेगळ्याच कारणानं चिडला होता. खाण बंद पडेल, मग आम्ही काय तुझ्या घरी यायचं का, असं म्हणून त्यानं माझी कॉलर धरली. दोघांचंही बरोबर होतं. गावच्या नळावर मला पाणी भरू दिलं नाही.

सरकारी माणसं आली, माती घेऊन गेली. ओढ्याखालची बारा रानं पेरायला बंद केली. कंपनीनं तळ्याला दगडी बांध घातला आणि गावाला वेगळ्या पाण्याची पाइपलाइन दिली. खाण पुढे सात वर्षांनी बंद पडली, पण आतलं सोनं संपलं म्हणून. सोनं काढून उरलेल्या वाळूचा करडा डोंगर अजून तिथंच असेल. त्याला कुठं जायचंय?

निघायच्या दिवशी दुपारी मी ट्रंक घेऊन फाट्यावर बसची वाट बघत होतो. लांबून तुळसाक्का येताना दिसली. डोक्यावर टोपली नव्हती. तिच्याशिवाय ती मला बुटकी वाटली. मला मनातून वाटलं, ही काहीतरी बरं बोलेल. माझ्यामुळेच शेवटी खरं बाहेर आलं होतं. माणूस किती निलाजरा असतो, बघा.

ती माझ्यापासून चार हातांवर उभी राहिली.

"मी बंद केली हुती," ती म्हणाली.

"काय?"

"भाजी. इचारायच्या आदी. पंधरा दीस बंद केली हुती. तू न्हाई म्हनाला असतास, न्हाईतर काईच म्हनाला नसतास, तरी मी रानात नांगर घातला असता." पहिल्यांदाच ती मला एकेरी बोलत होती. "मला कळत न्हवतं म्हनून मी इचारलं. तुला कळत हुतं."

"अक्का, माझी नोकरी..."

"शालनला अंबाडी गोड लागायची. डोहाळंच लागलं हुतं. दोन टायमाला मी माज्या हातानं वाडली. खा गं, म्हनायची, त्यो पोतदार तपासून म्हनालाय." तिचा आवाज एकदाही फुटला नाही. तो फुटला असता तर मला बरं वाटलं असतं. "दोन म्हैनं."

बस आली. कंडक्टरनं ट्रंक वर टाकली. मी पायरीवर चढून मागं बघितलं तेव्हा ती निघालीही होती.

मी मिरजेला परत आलो. एका शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, लग्न झालं, दोन मुली झाल्या, निवृत्त झालो. बायकोच्या पहिल्या बाळंतपणाआधी मला झोप लागेनाशी झाली, तेव्हा मी होन्नगट्टीला एक जोडकार्ड टाकलं. तुळसाक्का माने यांस. आपल्या सुनेची प्रकृती कशी आहे, मूल कसं आहे, कृपया कळवावं. खाली माझं नाव आणि पत्ता. सोबत उत्तरासाठी जोडलेलं कोरं कार्ड.

आठ-नऊ महिने काही आलं नाही. माझी थोरली मुलगी तोवर पालथी पडायला लागली होती. मग एके दुपारी ते कोरं कार्ड परत आलं. अक्षर कुणातरी शिकलेल्या माणसाचं होतं, शाळेतल्या मास्तरांचं असावं. त्यावर दोनच ओळी होत्या.

"तुळसाक्का यांनी लिहायला सांगितले आहे.

तुम्ही विचारू नये."